नेटवर्क कार्ड खराब आहे असं ठरवण्याआधी

कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं की संशय लवकरच नेटवर्क कार्डावर, म्हणजे कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागावर जातो (तो वेगळा बसवलेला असतो किंवा मदरबोर्डवरच असतो). नवं कार्ड आणलं जातं, बसवलं जातं, आणि पुष्कळदा नेट तरीही बंदच राहतं. सैल प्लग, आतून तुटलेली तार, राउटरचं मेलेलं पोर्ट, बिघडलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), चुकीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक), आडवी आलेली फायरवॉल (माहितीची ये-जा अडवणारं सुरक्षा सॉफ्टवेअर), या सगळ्यांचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच असतं: पान उघडत नाही. पण या दोषांच्या जागा वेगळ्या आहेत आणि प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र चाचणी आहे. कार्डावर खराब असल्याचा शिक्का मारायचा तर आधी बाकीचे सगळे संशयित सुटायला हवेत.

चाचण्यांचा क्रम खालून वर ठेवा. आधी वीज आणि तार, मग कार्ड आणि राउटर यांच्यातली लिंक, मग ड्रायव्हर, मग आयपी पत्ता, आणि सगळ्यात शेवटी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) व ब्राउझर. लिंकच जुळलेली नसेल तर आयपीच्या सेटिंगमध्ये तासभर घालवूनही हाती काही लागत नाही. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. केबल बदलली, ड्रायव्हर टाकला, राउटरही रीसेट केला आणि नेट सुरू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. तो परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पुढे मुख्यतः विंडोज १० आणि ११ गृहीत धरलं आहे, गरज पडेल तिथे लिनक्सही येतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच कराव्या लागतात.

हात लावण्याआधीचे प्रश्न

त्याच राउटरवर दुसरा कॉम्प्युटर किंवा फोन चालतोय का? तोही बंद असेल तर तुमचा कॉम्प्युटर तूर्त बाजूला ठेवा. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे आहे. फक्त तुमचाच बंद असेल तर पुढे जा.

बिघाड होण्याआधी काय घडलं होतं? विंडोजचं अपडेट, नवं अँटीव्हायरस, व्हीपीएन सॉफ्टवेअर, कॅबिनेट हलवणं, विजांचा कडकडाट. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दिशेला बोट दाखवते, म्हणून आठवून लिहून ठेवा.

आणि बिघाड कोणत्या जातीचा आहे? पूर्ण बंद, संथ, की मधूनच तुटणारा? पूर्ण बंद असलेलं कार्ड शोधायला सोपं. मधूनच तुटणारी जोडणी खरी दमवते, तिच्याकडे नंतर स्वतंत्रपणे बघू.

पोर्टाचे दिवे

केबल जिथे कॉम्प्युटरला लागते त्या आरजे-४५ पोर्टावर बहुतेक वेळा दोन छोटे दिवे असतात. एक लिंक जुळल्याचा, दुसरा माहितीची ये-जा दाखवणारा, म्हणजे लुकलुकणारा. हिरवा, पिवळा, नारिंगी या रंगांचे अर्थ प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढू नका. दिवा लागतो की नाही आणि लुकलुकतो की नाही, एवढंच बघा.

काही लॅपटॉपवर आणि यूएसबीच्या ॲडॉप्टरवर दिवेच नसतात. तिथे राउटरच्या बाजूचा दिवा बघा. लिंकला दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे ती दिसते. विंडोजमध्ये 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' असं दिसत असेल तर त्याचा अर्थही हाच की कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर चालू आहे, पण पलीकडून संकेत मिळत नाही. हा संदेश म्हणजे कार्डाच्या बाजूने मिळालेली अर्धी साक्ष आहे.

दिवा लागत नसेल तर तीन अदलाबदली करा, याच क्रमाने. तीच केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावा. मग नक्की चालत असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरची केबल काढून तुमच्याला लावा. शेवटी तुमची केबल त्या चालत्या कॉम्प्युटरला लावा. चालती केबल तुमच्याकडे आल्यावरही दिवा लागला नाही, आणि तुमची केबल तिकडे व्यवस्थित चालली, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या बाजूला आहे हे सिद्ध झालं. इथे 'नक्की चालत असलेली' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. खोक्यातून काढलेली नवी केबल ही चालती केबल नव्हे. ती डोळ्यांसमोर चालताना दिसलेली असली पाहिजे.

कॉम्प्युटर बंद असतानाही दिवा लागलेला दिसला तर घाबरू नका. दुरून कॉम्प्युटर जागा करण्याच्या सोयीसाठी कार्डाला बंद अवस्थेतही थोडी वीज मिळत राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका उपायाचं मूळ तीच आहे.

केबल: चालते, पण अर्धवट

केबलवर जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण ती पूर्ण मेलेली नसतानाही त्रास देते आणि त्या वेळी दोष कार्डावर जातो.

नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात: पिन १-२ आणि ३-६. १ जीबीपीएसला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही जोड्या लागतात. म्हणून पिन ४, ५, ७ किंवा ८ यांपैकी एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही. वेग गपचूप १०० वर उतरतो. काही वेळा कार्ड आणि राउटर आधी १००० चा प्रयत्न करतात, तो फसतो, मग १०० वर येतात, आणि हा खेळ चालू राहिल्याने लिंक सतत जोडली-तोडली जाते.

हे तपासायला कंट्रोल पॅनलमधल्या 'नेटवर्क कनेक्शन्स' मध्ये इथरनेटवर डबल क्लिक करा. उघडलेल्या खिडकीत 'स्पीड' दिसतो. कार्ड आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असूनही तिथे १०० एमबीपीएस लिहिलं असेल तर आधी केबल बदला. कार्ड, ड्रायव्हर किंवा राउटर यांपैकी कशालाही त्याआधी हात लावू नका.

प्लग घरी किंवा ऑफिसात कुणी हाताने बसवलेला असेल तर तारांचा क्रम बघा. टी५६८बी या रूढ मांडणीत तो असा असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. यात एक फसवी चूक होते: दोन्ही टोकांना रंग सारखे लावलेले असतात, पण एक रंग संपला की दुसरा असे ओळीने, म्हणजे पिन ३ ला आणि ६ ला वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा जातात. साधा दिव्यांचा केबल टेस्टर अशी केबल पास करतो, कारण प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत सलग असते. पण जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात तो पीळच गोंगाट मारतो, आणि जोडी फुटली की तो फायदा जातो. थोड्या अंतरावर चालणारी अशी केबल लांबी वाढली की दगा देते. तांब्याच्या केबलची मर्यादा तशीही १०० मीटरची आहे.

प्लगची चिमटी तुटली असेल तर केबल बसल्यासारखी दिसते आणि किंचित मागे सरकलेली असते. पोर्टाच्या आत टॉर्च मारून बघा: सोनेरी पिना एका रांगेत, समान उंचीवर असायला हव्यात. फोनच्या तारेचा अरुंद प्लग चुकून खुपसला गेला तर कडेच्या पिना कायमच्या दबतात. वाकलेली पिन प्लास्टिकच्या बारीक टोकाने हलकेच वर आणता येते, अर्थात कॉम्प्युटर बंद करून आणि विजेची तार काढून.

वीज पूर्ण काढून घेणं

हा उपाय साधा आहे, फुकट आहे, आणि तो सर्वांत आधी करून बघावा असं मला मनापासून वाटतं. रीस्टार्ट केल्याने नेटवर्क कार्ड दर वेळी कोरं होत नाही. मदरबोर्डला वीज मिळत राहते, कार्डालाही मिळत राहते, आणि कार्डातली चिप एखाद्या विचित्र अवस्थेत अडकली असेल तर ती तशीच अडकून राहू शकते. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' मुळे तर 'शट डाउन' करूनही ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते.

म्हणून कॉम्प्युटर शट डाउन करा. नेटवर्क केबल काढा. विजेची तार भिंतीतून किंवा मागून काढा. लॅपटॉप असेल आणि बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पोर्टाचा दिवा पूर्ण विझला आहे ना, बघा. नंतर वीज जोडा, सुरू करा, आणि शेवटी नेटवर्क केबल लावा. विजेच्या झटक्यानंतर किंवा अर्धवट झोपेतून उठल्यावर गायब झालेलं कार्ड पुष्कळदा एवढ्यानेच परत येतं.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क ॲडॉप्टर्स' ची फांदी उलगडा. इथे चार शक्यता असतात.

कार्ड दिसतं, पण चिन्हावर खाली तोंड केलेला बाण आहे. ते बंद करून ठेवलं आहे. उजवी क्लिक करून 'एनेबल' करा. प्रॉपर्टीजमध्ये याच अवस्थेला 'कोड २२' म्हणतात.

कार्ड दिसतं, पण पिवळा त्रिकोण आहे. डबल क्लिक करून 'डिव्हाइस स्टेटस' वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही, हा कधी ड्रायव्हरचा दोष असतो, कधी कार्डाचा. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. वर सांगितल्याप्रमाणे वीज पूर्ण काढून आणि ड्रायव्हर नव्याने टाकूनही कोड ४३ राहिला तर हार्डवेअरबद्दलचा संशय बळकट होतो.

कार्डाचं नाव नाही, पण 'अदर डिव्हाइसेस' खाली 'इथरनेट कंट्रोलर' असं अनोळखी उपकरण आहे. ही खरं तर चांगली बातमी आहे: विंडोजला हार्डवेअर दिसतंय, फक्त ओळख पटत नाही. 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हेन' नंतरचे चार अंक-अक्षरं उत्पादक सांगतात: ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. 'डेव्ह' नंतरचे चार नेमकं मॉडेल सांगतात. ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी भलतीच सॉफ्टवेअरं टाळा. ती अनेकदा सोबत नको ते आणतात.

नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमधून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज त्यासाठीचा ड्रायव्हर सहसा स्वतःकडचाच वापरतं आणि फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते: फोनमार्गे सगळं नीट चाललं तर विंडोजची नेटवर्क यंत्रणा आणि ब्राउझर ठीक आहेत, दोष कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा तारेच्या वाटेवर आहे.

चौथी शक्यता, कार्ड कुठेच नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि 'ऑनबोर्ड लॅन' किंवा 'इंटिग्रेटेड एनआयसी' असं काही 'डिसेबल्ड' आहे का बघा. बायोसची बॅटरी संपल्यावर किंवा सेटिंग मूळपदावर आणल्यावर ते बदललेलं असू शकतं. वेगळं कार्ड असेल तर वीज काढून ते स्लॉटमधून बाहेर काढा, सोनेरी कडा कोऱ्या सुती कापडाने पुसा आणि शक्य असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज चिपवर उतरणार नाही.

बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण बघा. ते दाबण्याजोगं असेल तर आधी तेच करा. नसेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा. विंडोज कार्ड नव्याने शोधतं. मात्र ड्रायव्हरची फाइल आधी हाताशी उतरवून ठेवा.

मधूनच तुटणारी जोडणी

आधी वीज वाचवण्याच्या सोयी बंद करून बघा. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' असतील तर तेही 'डिसेबल' करा. हे तंत्र शांत वेळी लिंकला डुलकी देतं, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणं कधीकधी जागं होताना एकमेकांशी अडखळतात.

त्याच टॅबमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' बघा. तिथे 'ऑटो निगोशिएशन' असायला हवं, म्हणजे दोन्ही टोकं वेग आणि डुप्लेक्स आपसांत ठरवतात (फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही दिशांनी एकाच वेळी ये-जा होते, हाफमध्ये आळीपाळीने). कुणीतरी जुन्या काळच्या सल्ल्याने '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' पक्कं करून ठेवलेलं असतं आणि राउटर ऑटोवर असतो. अशा वेळी राउटरला समोरचा वेग कळतो, पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून तो हाफ धरतो. दिवा लागतो, पिंग (समोरच्या उपकरणाला छोटी हाक मारून उत्तराची वाट बघणारी चाचणी) जातं, छोटी पानं उघडतात, आणि मोठी फाइल मात्र रखडते. संथ नेटच्या तक्रारीत ही नोंद तपासायला अर्धं मिनिट लागतं.

'जंबो फ्रेम' (माहितीचे नेहमीपेक्षा मोठे गठ्ठे, म्हणजे पॅकेट) चालू असेल तर बंद करा. वाटेतली सगळी उपकरणं ती पेलणारी नसतील तर लहान पॅकेट जातात आणि मोठी हरवतात.

आता तार हलवून बघायची. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरच्या पत्त्याला ('आयपीकॉन्फिग' चालवल्यावर तो 'डीफॉल्ट गेटवे' समोर दिसतो) 'पिंग -टी' लावून ठेवा. ते चालू असताना प्लग हलकेच डावीकडे-उजवीकडे दाबा, केबल मध्ये जिथे वाकली आहे तिथे हलवा. एखाद्या ठिकाणी हात लागताच उत्तरं थांबली तर दोष सापडला. काहीच झालं नाही तर पिंग चालू ठेवून आपलं काम करा आणि तुटण्याची वेळ टिपून ठेवा. मग 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये 'विंडोज लॉग्ज' खालच्या 'सिस्टम' मध्ये त्याच वेळची नोंद शोधा. लिंक तुटल्याची नोंद असेल तर तार, पोर्ट किंवा कार्ड. लिंक शाबूत असूनही नेट गेलं असेल तर दोष वरच्या थरात आहे.

'नेटस्टॅट -ई' ही कमांड चुकलेल्या पॅकेटांचा आकडा 'एरर्स' समोर दाखवते. तो शून्य किंवा स्थिर असावा. फाइल उतरवताना तो भराभर वाढत असेल तर माहिती तारेवर खराब होतेय. चालती केबल आणि दुसरं पोर्ट लावूनही आकडा वाढतच राहिला तर कार्डाचं पोर्ट किंवा चिप संशयात येते.

आयपी आणि पिंग

लिंक आहे, ड्रायव्हर ठीक आहे, तरी नेट नाही. आता 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा आणि इथरनेट ॲडॉप्टरखालच्या ओळी वाचा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला. कार्ड पाठवतंय पण ऐकत नाही, किंवा राउटरचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याची सोय) बंद आहे, किंवा मधे फायरवॉल आहे. 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू' करून बघा. पत्ता व्यवस्थित दिसतो पण राउटरच्या जाळ्यातला नाही, तर कुणीतरी तो हाताने भरून ठेवला आहे. आयपी आवृत्ती ४ च्या प्रॉपर्टीजमध्ये तो आपोआप मिळण्यावर आणा. 'फिजिकल ॲड्रेस' ची ओळही बघा. तिथे सगळी शून्यं किंवा सगळे एफ दिसत असतील तर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतली नोंद खराब झाली असण्याची दाट शक्यता आहे.

पिंगबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की तो इथे खोडायलाच हवा. १२७.०.०.१ ला पिंग केलं आणि उत्तर आलं म्हणजे कार्ड चांगलं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हा पत्ता पूर्णपणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत फिरतो, कार्डापर्यंत पोचतच नाही. कार्ड काढून ठेवलं तरी हे पिंग चालतं. स्वतःच्याच आयपी पत्त्याला केलेलं पिंगही तारेवर जात नाही. कार्डाची पहिली खरी परीक्षा म्हणजे 'डीफॉल्ट गेटवे' समोर लिहिलेल्या पत्त्याला, म्हणजे राउटरला केलेलं पिंग.

तिथून येणारं उत्तर नीट वाचा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं तुमच्याच पत्त्यावरून आलं, तर राउटर कुठे आहे हेच कॉम्प्युटरला कळलेलं नाही. दोष लिंक, केबल किंवा चुकीच्या पत्त्यात आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर पॅकेट गेलं पण उत्तर परतलं नाही. मग 'एआरपी -ए' चालवा. त्या यादीत राउटरच्या आयपीसमोर त्याचा फिजिकल ॲड्रेस दिसत असेल तर कार्ड पाठवतंही आहे आणि ऐकतंही आहे; आता फायरवॉल, अँटीव्हायरस किंवा व्हीपीएन तात्पुरतं बाजूला करून बघा. चाचणीसाठी शेजारच्या विंडोज कॉम्प्युटरला पिंग करू नका, कारण त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देणं नाकारू शकते आणि तुमची दिशाभूल होते.

राउटर उत्तर देतो, मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला पिंग करा. तेही उत्तर देत असेल आणि पानं तेवढी उघडत नसतील तर प्रश्न डीएनएसचा आहे आणि कार्ड पूर्ण निर्दोष आहे.

यातून काहीच निघालं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये 'नेटश विनसॉक रीसेट' आणि 'नेटश इंट आयपी रीसेट' चालवून रीस्टार्ट करा. दुसऱ्या कमांडने हाताने भरलेले आयपी पत्ते पुसले जातात, ते आधी लिहून घ्या. सेटिंगमधलं 'नेटवर्क रीसेट' याहून मोठा झाडू आहे: सगळी ॲडॉप्टरं काढून पुन्हा बसवली जातात, वायफायचे पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागू शकतं. ते सर्वांत शेवटी.

विंडोजला वगळून निकाल

कार्ड की सॉफ्टवेअर, हा वाद मिटवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. उबुंटूसारख्या लिनक्सची पेन ड्राइव्ह बनवा, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता फक्त चालवून बघा. तुमची डिस्क जशीच्या तशी राहते. तिथे नेट चाललं तर कार्ड, तार, राउटर सगळं चांगलं आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. चाललं नाही तर टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' चालवा. यादीत इथरनेट कंट्रोलर नसेल तर मदरबोर्डला कार्ड दिसतच नाही. कार्ड दिसतंय पण 'आयपी लिंक' मध्ये 'नो-कॅरियर' लिहिलंय, तर लिंक नाही. कार्ड अगदी नव्या मॉडेलचं असेल तर जुन्या लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर नसू शकतो, म्हणून ताजी आवृत्ती घ्या.

पेन ड्राइव्ह नसेल तर जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये नेटवर्कवरून बूट करायची सोय, म्हणजे पीएक्सई, चालू करून बघता येते. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालते. 'पीएक्सई-ई६१' आलं तर लिंक नाही. 'पीएक्सई-ई५१' म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलं नाही. 'पीएक्सई-ई५३' आलं तर आनंद माना: बूटची फाइल मिळाली नाही एवढीच तक्रार आहे, म्हणजे पत्ता मिळाला, म्हणजे कार्डाने पाठवलं आणि ऐकलंही.

वायफायचं कार्ड असेल तर

क्रम तोच, फक्त तारेच्या जागी अँटेना. एअरप्लेन मोड आणि लॅपटॉपच्या कडेचं किंवा कीबोर्डवरचं वायफायचं बटण आधी बघा. राउटरला अगदी चिकटून बसलं तरच सिग्नल मिळत असेल आणि लॅपटॉप नुकताच उघडला गेला असेल, तर कार्डावरच्या अँटेनाच्या बारीक तारा निसटलेल्या असू शकतात. फक्त एकच नेटवर्क दिसत नसेल आणि बाकीची दिसत असतील तर कार्ड खराब नाही: २.४ गिगाहर्ट्झपुरतंच चालणारं कार्ड ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क बघूच शकत नाही. नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही, तर जुन्या कार्डांना डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा समजत नाही हेही लक्षात घ्या.

कार्ड खरोखर गेलं असेल तर

चालत्या केबलवर दिवा नाही, वीज काढूनही फरक नाही, बायोसमध्ये चालू आहे, आणि लिनक्समध्येही तीच अवस्था: एवढं जमलं की निकाल पक्का. वीज कोसळल्यानंतर असं होतं, कारण लांब केबल विजेचा झटका थेट पोर्टापर्यंत आणते. मदरबोर्डवरच्या कार्डाची चिप बदलत बसू नका. पीसीआय एक्स्प्रेसचं साधं कार्ड घ्या. छोटं एक्स१ कार्ड लांब स्लॉटमध्येही बसतं. लॅपटॉपला यूएसबीचं इथरनेट ॲडॉप्टर लावा, मात्र यूएसबी ३ च्या पोर्टात. यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, तिथे गिगाबिटचा पूर्ण वेग मिळणार नाही. झटक्याने एक पोर्ट जळलं असेल तर राउटरची बाकीची पोर्टंही तपासून घ्या.

नवं कार्ड बसवल्यावर मदरबोर्डवरचं जुनं बायोसमधून बंद करा, नाहीतर अर्धमेलं कार्ड अधूनमधून डोकं वर काढतं. जुन्या कार्डाला हाताने आयपी दिलेला असेल तर तोच पत्ता नव्याला देताना तो दुसऱ्या ॲडॉप्टरकडे असल्याची तक्रार विंडोज करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा आणि फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा. नव्या कार्डाचा मॅक पत्ताही (वर आलेला 'फिजिकल ॲड्रेस') नवा असतो, त्यामुळे राउटरवर जुन्या मॅकसाठी आयपी राखून ठेवला असेल, मॅक फिल्टर लावला असेल, किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने जोडणी त्या मॅकशी बांधली असेल, तर तिथे नवा पत्ता नोंदवेपर्यंत चांगलं कार्डही गप्पच बसेल.